इंग्रजीतील जेरंड आणि इन्फिनिटिव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेरंड आणि इन्फिनिटिव्ह म्हणजे नेमके काय?

क्रियापदाला ‘आयएनजी’ हा प्रत्यय लागून झालेले रूप जेव्हा वाक्यात नामाचे काम करते, तेव्हा त्याला जेरंड म्हणतात. ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’ या वाक्यात ‘स्विमिंग’ हा कर्ता आहे, म्हणून तो जेरंड. क्रियापदाच्या मूळ रूपाआधी ‘टू’ येऊन ‘टू स्विम’सारखे जे रूप होते, त्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘लेट’ अशा शब्दांनंतर त्यातला ‘टू’ येत नाही. कर्त्याचा पुरुष किंवा वचन बदलले तरी ही दोन्ही रूपे बदलत नाहीत आणि त्यांच्याबरोबर दुसरे मुख्य क्रियापद असल्याशिवाय सर्वसाधारण विधानवाक्य पूर्ण होत नाही. शाळेत मराठी व्याकरणात आपण ज्यांना धातुसाधिते म्हणून शिकलो, त्यांच्याच कुळातली ही रूपे आहेत.

मराठी भाषकांची नेमकी येथेच चूक का होते?

याचे मुख्य कारण म्हणजे मराठीतील ‘-णे’ हे एकच रूप इंग्रजीतील दोन्ही जागा व्यापते. ‘वाचणे मला आवडते’ आणि ‘मी जाणे टाळले’ येथे ‘-णे’ आहे. ‘मी जाण्याचे ठरवले’, ‘त्याने येण्याचे कबूल केले’ येथेही तेच रूप विभक्ती लागून आले आहे. इंग्रजीत मात्र ‘टाळले’ म्हटले की ‘अव्हॉइडेड गोइंग’ आणि ‘ठरवले’ म्हटले की ‘डिसायडेड टू गो’ असे म्हणावे लागते. मराठीतील रूपाकडे पाहून ही निवड करता येत नाही, कारण ती ‘-णे’वर नव्हे, तर त्याच्याशी जोडलेल्या क्रियापदावर अवलंबून असते.

बोलीभाषेतील ‘-ायला’मुळे गोंधळात आणखी भर पडते. ‘मला जायला हवे’, ‘मला पोहायला येते’, ‘तो पाणी प्यायला थांबला’ या वाक्यांत ‘-ायला’ म्हणजे इन्फिनिटिव्ह हे समीकरण बहुतांशी जुळते. पण त्याच सवयीने ‘मला वाचायला मजा येते’ याचे ‘आय एन्जॉय टू रीड’ केले, की वाक्य चुकते. ‘एन्जॉय’नंतर ‘रीडिंग’च यायला हवे.

तरीही मराठी येथे केवळ अडथळाच ठरते, असे मानणे योग्य नाही. ‘रिमेंबर’, ‘स्टॉप’, ‘ट्राय’ अशा ज्या क्रियापदांना शिकवणारे आणि शिकणारे दोघेही सर्वांत अवघड समजतात, तेथे मराठीतच अर्थाचे दोन वेगळे साचे तयार असतात. त्यांची चर्चा पुढे विस्ताराने केली आहे.

कोणत्या क्रियापदानंतर कोणते रूप येते, याला काही नियम आहे का?

सर्व क्रियापदांना लागू पडेल असा नियम नाही. एक कल मात्र आहे आणि त्यामागे इतिहासही आहे. प्राचीन इंग्रजीत ‘टू’ हे दिशा किंवा हेतू दाखवणारे प्रीपोझिशन होते आणि त्याच्यापुढे क्रियापदाचे विभक्तियुक्त रूप येत असे. कालांतराने ती विभक्ती झिजली आणि ‘टू’ मागे राहिला. दिशेचा तो मूळ अर्थ मात्र पूर्णपणे पुसला गेला नाही. म्हणून ज्या क्रियापदांचा रोख पुढे घडायच्या गोष्टीकडे असतो, अशी ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्लॅन’, ‘प्रॉमिस’, ‘अग्री’, ‘रिफ्यूज’, ‘ऑफर’, ‘एक्स्पेक्ट’ ही क्रियापदे इन्फिनिटिव्ह घेतात. याउलट प्रत्यक्ष चाललेल्या, घडून गेलेल्या किंवा अनुभव म्हणून समोर असलेल्या क्रियेविषयी बोलणारी ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अॅडमिट’, ‘डिनाय’, ‘मिस’, ‘कीप’, ‘गिव्ह अप’, ‘प्रॅक्टिस’ ही क्रियापदे जेरंड घेतात.

या कलाचा आधार घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’ आणि ‘पोस्टपोन’ यांचा रोख उघडपणे भविष्याकडे असूनही त्यांच्यानंतर जेरंड येतो, आणि ‘मॅनेज’मध्ये काम पार पडलेले असूनही ‘ही मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन’ असेच म्हणतात.

मग याद्या पाठ कराव्यात का?

नुसत्या क्रियापदांची यादी परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरती उपयोगी पडते आणि बोलताना ऐन वेळी दगा देते, कारण तोंडातून शब्द जोडीने बाहेर पडतात, यादीतून निवडून नव्हे. त्यामुळे ‘अव्हॉइड’ हा शब्द एकटा न शिकता ‘अव्हॉइड ट्रॅव्हलिंग’, ‘अव्हॉइड ईटिंग आउट’ असा जोडीने शिकणे अधिक हिताचे असते. विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत क्रियापदापुढे कोणते रूप येते, हे नोंदीतच दाखवलेले असते. अर्थ पाहून पान उलटण्याची घाई केली नाही, तर दिलेल्या उदाहरणवाक्यांतूनही ते लक्षात येते.

‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘लाइक’ यांच्यानंतर दोन्ही रूपे चालतात, हे खरे आहे का?

होय. ‘इट स्टार्टेड रेनिंग’ आणि ‘इट स्टार्टेड टू रेन’ यांत सांगण्याजोगा फरक नाही; ‘कंटिन्यू’, ‘लव्ह’, ‘हेट’, ‘प्रिफर’ यांच्याबाबतीतही बहुतेक वेळा दोन्ही रूपे चालतात. दोन ठिकाणी मात्र निवड उरत नाही. पहिले क्रियापद स्वतःच ‘आयएनजी’ रूपात असेल, तर लागोपाठ दोन ‘इंग’ कानाला खटकतात, म्हणून ‘इट इज बिगिनिंग टू रेन’ असे म्हणतात. तसेच ‘वुड लाइक’, ‘वुड लव्ह’, ‘वुड प्रिफर’ यांतून या वेळची इच्छा व्यक्त होत असल्यामुळे ‘आय वुड लाइक टू स्पीक टू द मॅनेजर’ असेच म्हणावे. तेथे ‘स्पीकिंग’ येत नाही.

‘रिमेंबर लॉकिंग’ आणि ‘रिमेंबर टू लॉक’ यांत फरक काय?

घरातून निघून रिक्षात बसलेल्या माणसाच्या मनात येणारी दोन वाक्ये पाहा. ‘कुलूप लावल्याचे मला आठवते’ म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. क्रिया आधी घडली आणि आठवण नंतर झाली. ‘कुलूप लावायची आठवण ठेव’ म्हणजे ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’. आठवण आधी व्हायची आहे आणि क्रिया नंतर. मराठीतील ‘-ल्याचे’ या रूपात क्रिया पूर्ण झाल्याची खूण असते आणि ‘-ायची’ किंवा ‘-ण्याची’ या रूपात ती व्हायची असल्याची. इंग्रजीतील जेरंड आणि इन्फिनिटिव्ह येथे हाच भेद दाखवतात.

‘फर्गेट’चेही तसेच आहे. ‘आय फर्गॉट टू कॉल हर’ म्हणजे तिला फोन करायला विसरलो, फोन झालाच नाही. ‘आय विल नेव्हर फर्गेट मीटिंग हर’ म्हणजे तिला भेटल्याचे कधीही विसरणार नाही, भेट झाली आहे. हातून राहून गेलेल्या कामाविषयी ‘आय फर्गॉट पेइंग द बिल’ असे म्हटले, तर बिल भरले होते पण भरल्याचे विसरलो, असा भलताच अर्थ होतो.

‘रिग्रेट’मध्ये हा भेद औपचारिक पत्रव्यवहारात उपयोगी पडतो. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे नकार कळवणाऱ्या पत्राच्या आरंभीचे ठरलेले शब्द आहेत. मराठी कार्यालयीन भाषेत आपण ‘कळविण्यास खेद वाटतो’ असे लिहितो तेच. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे मात्र त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो आहे.

‘स्टॉप’ आणि ‘ट्राय’ यांच्याबाबतीतही मराठीचा असा आधार मिळतो का?

मिळतो, आणि तो बहुतेक पाठ्यपुस्तकांतील स्पष्टीकरणापेक्षा नेमका असतो. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान करणे थांबवले. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे तो धूम्रपान करायला थांबला. पहिल्या वाक्यात ‘स्मोकिंग’ हे ‘थांबवले’चे कर्म आहे, तर दुसऱ्यात ‘टू स्मोक’ हा थांबण्यामागचा हेतू आहे. डॉक्टरांसमोर ही दोन वाक्ये अदलाबदल झाली, तर संभाषणाला वेगळेच वळण लागेल.

‘ट्राय’साठी मराठीतील ‘-ून पाहणे’ हा प्रयोग लक्षात ठेवावा. ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहा. उकाडा होत आहे, तो कमी करण्याचा हा एक उपाय आहे. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडण्याचा प्रयत्न कर. ती घट्ट बसली आहे आणि उघडेलच असे नाही. ‘करून पाहा’ आणि ‘करण्याचा प्रयत्न कर’ यांत जे अंतर आहे, तेच येथे जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांत आहे.

याच गटात ‘गो ऑन’ येते. ‘शी वेंट ऑन टॉकिंग’ म्हणजे ती बोलतच राहिली. ‘शी वेंट ऑन टू टॉक अबाउट हर चाइल्डहुड’ म्हणजे एक विषय संपवून ती पुढे बालपणाविषयी बोलू लागली.

‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ चुकीचे का? ‘टू’नंतर तर मूळ रूप येते ना?

भारतीय कार्यालयांतील ईमेलमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या चुकांपैकी ही एक असावी. ‘टू’नंतर मूळ रूप येते हे आपण इतके घोटलेले असते, की ‘टू’ दिसताच हात आपोआप ‘हिअर’ लिहून मोकळा होतो. पण इंग्रजीत दोन प्रकारचे ‘टू’ आहेत. एक इन्फिनिटिव्हची खूण असलेला आणि दुसरा ‘ऑफ’, ‘इन’, ‘अॅट’ यांच्यासारखे प्रीपोझिशन असलेला. प्रीपोझिशननंतर नाम किंवा जेरंड येतो. म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हेच बरोबर.

कोणता ‘टू’ आहे हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. त्याच्यापुढे क्रियापदाऐवजी साधे नाम ठेवून पाहावे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हे वाक्य नीट बसते, तेव्हा तेथील ‘टू’ प्रीपोझिशन आहे. ‘आय वाँट टू युअर रिप्लाय’ बसत नाही, कारण तेथील ‘टू’ इन्फिनिटिव्हचा आहे. या कसोटीने ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अकस्टम्ड टू’, ‘कमिटेड टू’, ‘अॅडिक्टेड टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ हे सर्व प्रयोग जेरंडाच्या बाजूला जातात. ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह द सर्व्हिस’ असे वाक्य अहवालांत सर्रास दिसते. तेथे ‘इम्प्रूव्हिंग’ हवे.

‘यूज्ड टू’नंतर काय येते?

तीन वेगळे प्रयोग एकसारखे दिसतात, म्हणून हा प्रश्न पडतो. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’ म्हणजे मी पूर्वी नाशिकला राहत असे, आता राहत नाही. येथे मूळ रूप येते. ‘आय अॅम यूज्ड टू लिव्हिंग अलोन’ म्हणजे एकटे राहण्याची मला सवय आहे. येथे जेरंड येतो. ‘धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड’ म्हणजे ही सुरी पाव कापण्यासाठी वापरली जाते. येथे ‘यूज्ड’ हे कर्मणी रूप असून पुढे हेतुवाचक इन्फिनिटिव्ह आहे. दुसऱ्या प्रयोगात ‘यूज्ड टू’च्या आधी ‘बी’ किंवा ‘गेट’ यांचे एखादे रूप असते आणि अर्थ सवयीचा असतो, एवढे पाहिले तरी घोळ होत नाही.

‘शिकण्यासाठी’ याचे ‘फॉर लर्निंग’ करावे की ‘टू लर्न’?

माणसाचा हेतू सांगायचा असेल तर ‘टू लर्न’. ‘मी पुण्याला जर्मन शिकण्यासाठी आलो’ याचे ‘आय केम टू पुणे फॉर लर्निंग जर्मन’ हे भाषांतर मराठीतील ‘-साठी’ शब्दशः उतरवल्यामुळे होते. ‘टू लर्न जर्मन’ हे स्वाभाविक इंग्रजी आहे. औपचारिक लेखनात ‘इन ऑर्डर टू लर्न’ असेही लिहिता येते. ‘फॉर’ आणि ‘टू’ एकत्र आणून ‘फॉर टू लर्न’ म्हणणे प्रमाण इंग्रजीत बसत नाही.

‘फॉर’ आणि जेरंड ही जोडी शोभते ती वस्तूचा उपयोग सांगताना. ‘अ मशीन फॉर ग्राइंडिंग स्पाइसेस’ म्हणजे मसाला दळायचे यंत्र. ‘थँक यू फॉर हेल्पिंग मी’, ‘ही अपॉलोजाइज्ड फॉर कमिंग लेट’ यांतही ‘फॉर’नंतर जेरंड आहे, पण तेथे हेतू नसून कारण आहे.

प्रीपोझिशननंतर नेहमीच जेरंड येतो का?

जवळजवळ नेहमी, आणि या विषयातला सर्वांत भरवशाचा नियम हाच आहे. ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’, ‘गुड अॅट ड्रॉइंग’, ‘टायर्ड ऑफ वेटिंग’, ‘विदाउट आस्किंग’, ‘बिफोर लीव्हिंग’, ‘इन्स्टेड ऑफ कम्प्लेनिंग’ यांत कोठेही इन्फिनिटिव्ह येत नाही. मराठीत ‘-ण्यापूर्वी’, ‘-ण्याऐवजी’, ‘-ण्यात’ असे शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तिप्रत्यय ‘-ण्या’ला जोडलेले दिसले, की इंग्रजीत प्रीपोझिशन आणि जेरंड येण्याची शक्यता बरीच असते, ‘-ण्यासाठी’चा अपवाद वर आलाच आहे. ‘प्रिव्हेंट’नंतर ‘फ्रॉम’ येते आणि त्यापुढेही जेरंडच. ‘द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम गोइंग आउट’ म्हणजे पावसामुळे आम्हाला बाहेर जाता आले नाही. ‘अबाउट टू लीव्ह’ आणि ‘नथिंग बट वेट’ असे मोजके ठरलेले प्रयोग वेगळे वागतात.

‘ही सजेस्टेड मी टू गो’ हे वाक्य शिक्षक चूक का ठरवतात?

कारण ‘सजेस्ट’ला व्यक्ती हे कर्म आणि त्यापुढे इन्फिनिटिव्ह ही रचना मानवत नाही. ‘त्याने मला जायला सुचवले’ हे मराठी वाक्य निर्दोष असल्यामुळे चूक लक्षात येणे कठीण जाते. इंग्रजीत ‘ही सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट आय गो बाय ट्रेन’ असे म्हणावे.

‘अॅडव्हाइज’, ‘अलाउ’, ‘परमिट’ या क्रियापदांचे वागणे मात्र दुहेरी आहे. व्यक्तीचा उल्लेख असेल तर इन्फिनिटिव्ह, नसेल तर जेरंड. ‘द डॉक्टर अॅडव्हाइज्ड मी टू रेस्ट’, पण ‘द डॉक्टर अॅडव्हाइज्ड टेकिंग रेस्ट’. ‘दे डोंट अलाउ पार्किंग हिअर’, पण ‘दे डोंट अलाउ अस टू पार्क हिअर’.

‘मेक’ आणि ‘लेट’नंतर ‘टू’ का येत नाही?

तशी रूढी आहे, एवढेच उत्तर प्रामाणिकपणे देता येईल. ‘शी मेड मी वेट’, ‘लेट हिम गो’ यांत ‘टू’शिवायचे मूळ रूप येते. गंमत अशी, की ‘मेक’चे कर्मणी केले की गेलेला ‘टू’ परत येतो आणि ‘आय वॉज मेड टू वेट’ असे म्हणावे लागते. परीक्षेतील प्रयोगबदलाच्या प्रश्नात गुण जातात ते बरेचदा येथेच. ‘हेल्प’नंतर ‘टू’ घ्यावा की न घ्यावा, हे ऐच्छिक आहे. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांच्यापुढे मूळ रूप आले, तर संपूर्ण क्रिया पाहिली असा अर्थ होतो आणि ‘आयएनजी’ रूप आले, तर चालू असलेली क्रिया दिसली असा. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे त्याने रस्ता ओलांडला ते मी पाहिले. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ म्हणजे तो रस्ता ओलांडत असताना मला दिसला.

‘आयएनजी’ असलेला प्रत्येक शब्द जेरंड असतो का?

नाही. तो प्रेझेंट पार्टिसिपल, म्हणजे विशेषणाचे किंवा चालू काळाचे काम करणारे रूपही असू शकतो. प्राचीन इंग्रजीत ही दोन रूपे वेगळी होती. क्रियेचे नाम ‘उंग’ किंवा ‘इंग’ प्रत्ययाने होत असे आणि पार्टिसिपल ‘एंडे’ प्रत्ययाने. मध्ययुगीन इंग्रजीत दोन्हींचा शेवट सारखा झाला आणि आजच्या विद्यार्थ्यांच्या मागे हा प्रश्न लागला. ‘स्लीपिंग बेबी’ म्हणजे झोपलेले बाळ. बाळ स्वतः झोपते, म्हणून ते पार्टिसिपल. ‘स्लीपिंग पिल’ म्हणजे झोपेची गोळी. गोळी काही झोपत नाही, ती झोपण्यासाठी असते, म्हणून तो जेरंड. उच्चारातही फरक ऐकू येतो. ‘स्लीपिंग पिल’मध्ये मुख्य आघात पहिल्या शब्दावर पडतो.

ही सीमारेषा सर्वत्र इतकी स्वच्छ नाही. काही आधुनिक व्याकरणकार तर दोन्हींना मिळून ‘जेरंड-पार्टिसिपल’ असे एकच नाव देतात. शालेय किंवा स्पर्धा परीक्षेत मात्र जुनाच भेद विचारला जातो, त्यामुळे उत्तरपत्रिकेत तोच पाळावा.

‘माय कमिंग लेट’ म्हणावे की ‘मी कमिंग लेट’?

दोन्ही प्रचलित आहेत. औपचारिक लेखनात ‘प्लीज एक्स्क्यूज माय कमिंग लेट’ असे षष्ठीचे रूप वापरण्याची परंपरा आहे. मराठीतील ‘माझे उशिरा येणे’ या रचनेशी ते तंतोतंत जुळते, त्यामुळे आपल्याला ते जड जाऊ नये. बोलण्यात ‘मी कमिंग लेट’ सर्रास ऐकू येते. विसाव्या शतकाच्या आरंभी फाउलर या इंग्रज व्याकरणकाराने त्यावर कडाडून टीका केली होती, परंतु वापरावर तिचा फारसा परिणाम झाला नाही. अर्जात किंवा परीक्षेत षष्ठी वापरावी, गप्पांत कोणी न वापरल्यास त्याला दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये.

नकार कसा करावा?

दोन्ही रूपांच्या आधी ‘नॉट’ ठेवावे. ‘ही डिसायडेड नॉट टू गो’, ‘आय रिग्रेट नॉट गोइंग’. ‘ही डिडन्ट डिसाइड टू गो’ याचा अर्थ वेगळा आहे. तेथे न जाण्याचा निर्णय झालेला नसून जाण्याचा निर्णय झालेला नाही.

‘कान्ट हेल्प’, ‘वर्थ’, ‘बिझी’ यांच्यानंतर?

जेरंडासारखेच ‘आयएनजी’ रूप. ‘आय कुडन्ट हेल्प लाफिंग’ म्हणजे मला हसू आवरले नाही. ‘द फोर्ट इज वर्थ व्हिजिटिंग’ म्हणजे किल्ला पाहण्यासारखा आहे. ‘इट इज नो यूज क्राइंग’, ‘शी इज बिझी कुकिंग’ हेही तसेच. ‘अति’ या अर्थाचा ‘टू’ (दोन ‘ओ’ असलेला) आणि ‘इनफ’ यांच्या रचनेत मात्र इन्फिनिटिव्ह येतो. ‘टू टायर्ड टू वॉक’ म्हणजे चालवणार नाही इतका थकलेला, आणि ‘ओल्ड इनफ टू व्होट’ म्हणजे मतदान करण्याइतक्या वयाचा.

‘द शर्ट नीड्स वॉशिंग’ बरोबर आहे का? शर्ट तर स्वतः धूत नाही.

बरोबर आहे. ‘नीड’नंतरच्या जेरंडाला येथे कर्मणी अर्थ असतो, म्हणून ‘द शर्ट नीड्स टू बी वॉश्ड’ आणि हे वाक्य समानार्थी आहेत. मराठीत ‘शर्ट धुवायला झाला आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हाही धुणारा शर्ट नसतोच. ‘नीड्स बीइंग वॉश्ड’ असे दुहेरी कर्मणी करण्याची गरज नाही.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालणे चूक आहे का?

एकोणिसाव्या शतकात काही इंग्रज लेखकांनी याला आक्षेप घेतला आणि पुढे शाळांतून तो नियम म्हणून शिकवला गेला. इंग्रजी लेखनाच्या व्यवहारात त्याला ठोस आधार नाही. उलट काही वेळा मधली जागाच अर्थ राखते. ‘शी डिसायडेड टू ग्रॅज्युअली रिड्यूस द डोस’ म्हणजे तिने औषधाचे प्रमाण हळूहळू कमी करण्याचे ठरवले. ‘ग्रॅज्युअली’ उचलून ‘डिसायडेड’पुढे ठेवले आणि ‘शी डिसायडेड ग्रॅज्युअली टू रिड्यूस द डोस’ असे लिहिले, तर निर्णयच हळूहळू झाला असेही कोणी वाचू शकेल. जुन्या वळणाच्या परीक्षकाची शक्यता असेल, तेथे क्रियाविशेषण वाक्याच्या शेवटी नेऊन ‘टू रिड्यूस द डोस ग्रॅज्युअली’ असे लिहावे. त्यात अर्थही बिघडत नाही आणि आक्षेपालाही जागा उरत नाही.